पेंग्विनकाका

आमच्या सोसायटीत कुणाचा लॅपटॉप म्हातारा झाला, की ती बातमी भंगारवाल्याच्या आधी पेंग्विनकाकांना लागते. लगेच बेल वाजते. "टाकू नका, मी बघतो." 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला आणि काकांच्या पायाला भिंगरी लागली. विंडोज 11 ने ज्या ज्या यंत्रांना उंबऱ्यावरून परत पाठवलं, त्या सगळ्यांवर लिनक्स ही पेंग्विनच्या चिन्हाची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून त्यांचं पुनर्वसन करायचं काम काकांनी अंगावर घेतलं. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. पण कुणी काम द्यायची वाट बघत बसणाऱ्यांपैकी काका नव्हेत.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. शर्टाच्या खिशात एक पेन, एक टेस्टर आणि दोन पेन ड्राइव्ह कायमचे. दरवर्षी 25 ऑगस्टला ते बिल्डिंगभर पेढे वाटतात. नव्या भाडेकरूला वाटतं नातू झाला. मग त्याला दारातच ऐकावं लागतं, की 1991 साली या दिवशी हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय असं जाहीर केलं. पेढा संपतो, माहिती संपत नाही. उबुंटू हा लिनक्सचाच एक अवतार; उबुंटूवाले 2011 पर्यंत पोस्टाने फुकट पाठवायचे त्या सीड्या काकांच्या देवघराखालच्या कप्प्यात अजून पाकिटासकट आहेत.

तर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा लॅपटॉप. काकांनी पेन ड्राइव्ह लावला, अर्ध्या तासात उबुंटू बसलं. पडदा सुंदर, अक्षरं स्वच्छ, यंत्र पूर्वीपेक्षा चपळ. वहिनी खूश. "आता वायफाय लावून द्या, लाइटबिल भरायचंय."

कोपऱ्यात जिथे वायफायचं चिन्ह असायला हवं तिथे काहीच नव्हतं. वहिनींचा चेहरा उतरला. काकांचा उजळला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "चहा टाका."

लिनक्सवाल्याचा खरा संसार इथून सुरू होतो. काकांनी टर्मिनलची काळी खिडकी उघडली आणि वहिनींना पासवर्ड टाकायला सांगितला. वहिनींनी टाकला.

"काका, काहीच उमटत नाहीये."

"उमटतच नाही. टाकत राहा."

"मग चुकला की बरोबर, कळणार कसं?"

"चुकला की कळेल."

'एलएसपीसीआय' म्हटल्यावर यंत्राने पोटातले सगळे भाग मुकाट्याने सांगितले. कार्ड निघालं ब्रॉडकॉमचं. काकांनी मांडीवर थाप मारली, जणू जुना मुद्देमाल सापडला. या कार्डांच्या काही जातींना चालण्यासाठी फर्मवेअर नावाचा वेगळा कोड लागतो. ते कंपनीच्या मालकीचं, म्हणून सिस्टीमबरोबर मिळत नाही. ते बसवणारं छोटं पॅकेज असतं, पण ते पॅकेज बसताना खरं फर्मवेअर इंटरनेटवरून उतरवून घेतं. म्हणजे इंटरनेट येण्यासाठी इंटरनेट हवं. वहिनींनी हे दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे तर रहिवासी दाखल्यासारखं झालं. भाडेकरार करायला दाखला हवा, आणि दाखल्याला भाडेकरार." काकांना वहिनींबद्दल आदर वाटू लागला.

खरं तर उबुंटूच्या पेन ड्राइव्हवर 'पूल' नावाचा एक फोल्डर असतो आणि अशाच अडचणीसाठी ब्रॉडकॉमचा एक ड्रायव्हर त्यात ठेवलेला असतो. काकांना हे ठाऊक होतं. पण पॅकेजं ने-आण करायला रिकामा पेन ड्राइव्ह हवा म्हणून त्यांनी दहा मिनिटांपूर्वी नेमका तोच फॉरमॅट केला होता. दुसऱ्यावर देवांची गाणी होती. तो पुसायला काकू देत नाहीत. काखेत कळसा होता, तो काकांनी स्वतःच घासून लख्ख केला.

मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली. काका वायफायचं एक यूएसबी डोंगल घेऊन आले. खोक्यावर ठसठशीत 'लिनक्स सपोर्टेड' आणि आत बशीएवढी छोटी सीडी. लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. तरी डोंगल लावल्यावर पडद्यावर एक सीडी उगवली. वहिनी चकित. काका निर्विकार. "हे स्वतःला सीडी समजतंय. त्याच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलाय. आधी याला बाहेर काढायचं, मग ते वायफाय व्हायला तयार होतं." त्यांनी 'इजेक्ट' टाइप केलं. डोंगलने जागच्या जागी बसूनच सीडीचं सोंग टाकलं आणि ते रिअलटेक कंपनीचं वायफाय कार्ड झालं. आता ड्रायव्हर फक्त कंपाइल करायचा होता.

'फक्त' हा शब्द काका वापरतात तेव्हा जेवण करून घ्यावं. कंपाइल करायला जीसीसी हवा, मेक हवं, कर्नलचे हेडर्स हवेत, डीकेएमएस हवं. यातलं एकेक पॅकेज काका चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरून पेन ड्राइव्हवर आणत. ते बसायला गेलं की म्हणे, माझ्याबरोबर अमुक लायब्ररी हवी. पुन्हा जिना. ती लायब्ररी म्हणे, मला तमुक आवृत्तीच चालते. पुन्हा जिना. लग्नातल्या मानकऱ्यांसारखा एकेकाचा मान राखता राखता काकांचे गुडघे बोलू लागले, पण तोंडावर तक्रार नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, ते यानिमित्ताने झालं, असं काकू म्हणाल्या.

सॉफ्टवेअर खुलंच हवं, या सिद्धान्ताचा प्रश्न आला की मात्र काका गुडघ्यांचंही ऐकत नाहीत. डेबियन या लिनक्सच्याच दुसऱ्या अवताराच्या मंडळींनी 2022 मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि 2023 च्या आवृत्तीत घेतलंही. जगाची सोय झाली. काकांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

संध्याकाळी वहिनींची कॉलेजातली लेक घरी आली. तिने फोन चार्ज करायला म्हणून केबल लॅपटॉपला लावली, फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' दाबलं आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात जोडणीचं चिन्ह उमटलं. लिनक्सला असा अँड्रॉइड फोन म्हणजे साधं वायरचं नेटवर्क कार्ड वाटतो. वेगळा ड्रायव्हर मागत नाही. इतकंच नव्हे, फोन घरच्या वायफायवर असेल तर मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही.

"झालं की, काका!"

काकांनी चष्मा काढून पुसला. "ही पळवाट आहे."

"पण बिल भरलं जाईल ना?" वहिनींनी विचारलं आणि भरूनही टाकलं.

काकांनी त्या पळवाटेवरूनच, तोंड वाकडं करत, राहिलेलं सगळं उतरवून घेतलं. दोन मिनिटांत डोंगलचा निळा दिवा लुकलुकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका मात्र एकदम गप्प झाले. चालू यंत्रासमोर बसून करायचं काय, हे त्यांना कधीच कळलेलं नाही. टेस्टर खिशात टाकता टाकता त्यांचा चेहरा पुन्हा फुलला. "एक सांगून ठेवतो वहिनी. कर्नलचं मोठं अपडेट आलं की हा ड्रायव्हर कधी कधी रुसतो. काही वाटलं तर रात्री-अपरात्रीसुद्धा बोलवा."

परवा काही कामाने मी काकांच्या घरी गेलो. त्यांच्या राउटरपासून टेबलापर्यंत एक निळी केबल भिंतीच्या कडेकडेने, दर वितीवर क्लिप ठोकून, टेलिफोन खात्याच्या शिस्तीत गेली होती. "काका, तुमच्याकडे वायफाय नाही?"

"आहे, पाहुण्यांसाठी," काका म्हणाले. "मी नाही त्याच्या भरवशावर राहत."