हरकतीचा रकाना

बसा. पण जाताना चपला झटकून घाला. पहिला पाऊस झालाय आणि लेंडीकाठचे खेकडे गावात फेरफटक्याला निघालेत. हीच लेंडी नदी पुढे दाभोशाला सुमारे ३०० फूट खाली उडी मारते. पर्यटक ती पाहतात, जव्हारच्या हवेचं कौतुक करतात आणि संध्याकाळी परत जातात. खेकडे जात नाहीत.

वानरांबद्दल मी बोलणारच नव्हतो. मे महिन्यात कौलं शाकारून घेतली, लगेच टोळीने वरून स्थळपाहणी केली. अहवाल स्वयंपाकघरात पडला, तुकड्यातुकड्यांनी. त्याच वेळी आंब्यावरून पावशा 'पेरते व्हा' असा आदेश काढत होता. स्वतः काही पेरत नाही. अंडीसुद्धा सातभाईंच्या घरट्यात घालतो, पिल्लाच्या पालनपोषणाचा भार त्यांच्यावर! असल्या इसमाचं आपण का ऐकायचं?

पण मुख्य प्रकरण लिंबाचं आहे. निळवंत फुलपाखराला २०१५ साली सरकारने राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. द्यावा, आमची ना नाही. पण मान्यवरांची मुलं जेवतात कुठे, याची कोणी चौकशी केली? माझ्या लिंबावर. लहानपणी ही अळी पक्ष्याची विष्ठा असल्याचं सोंग घेते, म्हणजे सभ्य माणूस नजर वळवतो. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि हटकलं तर डोक्यामागून शिंगं काढून घाण वास सोडते. वरून पाठबळ असल्याशिवाय एवढी हिंमत येत नाही.

दाद मागायची कुठे? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती, चुकल्यास राज्याला दरमहा १० लाखांचा भुर्दंड. म्हणजे खेकडा नोंदवायचा राहिला तर १० लाख, आणि माझं लिंबू गेलं तर शून्य!

वही भरणारा मुलगा आला तेव्हा मी रकाने तपासले. स्थानिक नाव, अधिवास, उपयोग. हरकती कुठेच नाहीत. मग 'उपयोग'पुढे 'अर्जदारास काहीही नाही' असं लिहायला सांगितलं. त्याने अळीचे फोटो काढले, "काका, कोष होईपर्यंत फवारणी नको" म्हणाला, आणि माहिती देणारी जाणकार व्यक्ती म्हणून माझंच नाव घातलं. आता झाडावर पान उरलं नाही, तर जबाबही मीच द्यायचा.