मद्यखात्याचे मामलेदार

न्यू जर्सीतील मराठी घरांत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, जे आप्तसंमेलन भरते, त्यातील अन्नाचा कारभार कधीच एकहाती नसतो. टर्की कोणी भाजायची, शाकाहारी पंगतीसाठी मसालेभात करायचा की पुलाव, दिवाळीच्या उरलेल्या चकल्या पाहुण्यांपुढे काढणे शोभते की नाही, या प्रश्नांवर सुना, नणंदा आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई यांच्यात रीतसर मतभेद होतात. पेयांचे खाते मात्र एकाच गृहस्थाकडे वतनासारखे चालत आलेले असते; फरक इतकाच, की या वतनाची सनद त्याला कोणीही दिलेली नसते. तो बहुधा घरचा थोरला जावई असतो. मी त्यांना मामलेदार म्हणतो, आणि या पदवीने त्यांना मुळीच राग येत नाही.

मामलेदारांचा व्यासंग दांडगा, आणि तो ऐकून घेण्याची सक्ती पेल्याबरोबरच येते. ‘‘भावोजी, हे गोड लागतं का हो?’’ एवढेच मेहुणीने विचारावे, आणि त्यांनी प्रथम बर्बनची व्याख्या सांगावी: धान्यात मका निदान 51 टक्के हवा, पिंप नव्या ओकचे आणि आतून जाळून कोळसलेले हवे, त्यात भरताना मद्यार्क 62.5 टक्क्यांहून अधिक असता कामा नये. मग 1964 साली अमेरिकी काँग्रेसने बर्बन हे याच देशाचे विशिष्ट उत्पादन असल्याचा ठराव केला, हे निवेदन करावे. आणि अखेर 1897 च्या त्या कायद्याकडे वळावे, ज्यान्वये एकाच भट्टीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या वखारीत निदान चार वर्षे राहिलेली आणि बरोबर 50 टक्के मद्यार्काची व्हिस्कीच ‘बॉटल्ड इन बाँड’ म्हणवून घेऊ शकते. वखार, देखरेख, मुदत या शब्दांपाशी आले की त्यांचा कंठ दाटून येतो. मेहुणीने एव्हाना सफरचंदाचा रस ओतून घेतलेला असतो.

निवडीचे काम महिनाभर आधी सुरू होते. प्रत्येक आप्ताची कैफियत नोंदवली जाते: कोणाला मधुमेह, कोणाला पित्त, कोणाला रात्री गाडी हाकत परतायचे आहे, आणि कोणता भाचा अद्याप एकवीस वर्षांचा झालेला नाही व म्हणून कायद्याने फक्त चकलीस पात्र आहे. त्यावरून निवाडे होतात. मिंट जुलेपचा अर्ज पहिल्याच फेरीत नामंजूर होतो, कारण ते पेय केंटकीत मे महिन्यात भरणाऱ्या घोड्यांच्या शर्यतीचे, आणि नोव्हेंबरातला पुदिना केवळ चटणीसाठी मंजूर आहे. व्हिस्की सावरमध्ये अंड्याचे पांढरे घालावे की नाही हा मुद्दा शाकाहारी पक्षाच्या हरकतीमुळे दरवर्षी तहकूब होतो. एगनॉगचा तर तपशील वाचण्याचीही सोय नाही. दूध, साय, अंडी आणि दारू एकाच भांड्यात, एवढे कानांवर पडताच मावशी उठून देवघरात जातात.

माझे मत कोणी विचारले असते (ते विचारलेले नाही), तर मी मॅनहॅटनची शिफारस केली असती. दोन भाग व्हिस्की, एक भाग गोड व्हर्मूथ आणि अँगोस्तुरा बिटर्सचे दोन-तीन शिंतोडे हे मिश्रण आदल्या दिवशीच करून, बर्फाने जेवढे पाणी सोडले असते तेवढे त्यात आधीच घालून, बाटली फ्रिजमध्ये ठेवता येते, आणि यजमान चार माणसांत बसायला मोकळा होतो. परंतु नेमकी हीच मोकळीक मामलेदारांना नको असते. एकदा बाटली भरून ठेवली की कोणीही उठून ओतून घेईल. मग कचेरीच्या दारात ताटकळत कोण उभे राहील? म्हणून निवाडा नेहमी ओल्ड फॅशन्डच्या बाजूने लागतो, ज्यात प्रत्येक पेला स्वतंत्र प्रकरण म्हणून हाताळावा लागतो: साखरेचा खडा, त्यावर बिटर्स, ते विरघळेपर्यंतची प्रतीक्षा, मग बर्बन, मग काचेसारखा नितळ बर्फाचा ठोकळा, मग सावकाश ढवळणे आणि शेवटी संत्र्याच्या सालीचे तेल पेल्यावर पिळणे. त्या नितळ बर्फासाठी पाणी उष्णतारोधक डब्यात वरून खाली गोठवावे लागते, म्हणजे गढूळपणा तळाशी ढकलला जातो. आणि तो डबा फ्रीझरमध्ये मावावा म्हणून पत्नीचा खवलेला नारळ आठवडाभर शेजाऱ्यांकडे हद्दपार होतो. स्वतः मामलेदार पीत नाहीत म्हटले तरी चालेल. नळीच्या टोकाने एक थेंब जिभेवर टेकवायचा, डोळे मिटायचे आणि शेरा मारायचा, एवढेच त्यांचे मद्यपान.

या सुसूत्र कारभारात एक जुने वैगुण्य आहे, आणि त्याला अमेरिकेचे संघराज्य जबाबदार आहे: थँक्सगिव्हिंग गुरुवारीच येते. घरात अर्धी मंडळी दत्ताचा गुरुवार पाळणारी. काही वर्षी तर मार्गशीर्षही लागलेला असतो आणि मावशींचे महालक्ष्मीचे व्रत आड येते. मामलेदारांचे सासरे अण्णा हे, मुंबई दारूबंदी कायद्याखालचा मद्यसेवनाचा परवाना अजूनही पाकिटात बाळगणारे, म्हणजे कागदाची किंमत जाणणारे गृहस्थ. त्यांनी यंदा तोड काढली. ‘‘अहो जावईबापू, तुमच्या घड्याळात दुपारचा दीड वाजला, की पुण्यात रात्रीचे बारा वाजून शुक्रवार लागतो. आमचा गुरुवार पुण्याचा. इथला नव्हे.’’

‘‘बारा वाजता वार बदलायला आपण काय साहेब आहोत?’’ देवघरातून मावशींचा आवाज आला. ‘‘वार सूर्योदयाला बदलतो.’’

ही हरकत ग्राह्य धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. मामलेदारांनी पुण्याचा सूर्योदय पाहिला, तो पावणेसाताच्या सुमारास निघाला, आणि साडेदहा तासांची वजावट करून त्यांनी हुकूम लिहिला: भाविक मंडळींस रात्री सव्वाआठनंतर पेयवाटप, तोवर त्यांना हॉट टॉडी, व्हिस्की वगळून. उरलेले गरम पाणी, मध, लिंबू आणि लवंग मावशींनी हुंगून पाहिले आणि हा काढा आपण पन्नास वर्षे करीत आहोत असे जाहीर केले. खरे सांगायचे तर त्या दिवशी सर्वाधिक खपलेले पेय तेच होते, परंतु मामलेदारांच्या दप्तरात त्याची नोंद ‘किरकोळ’ या सदराखाली झाली.

सव्वाआठ वाजले. पहिला पेला अर्थातच अण्णांचा. मामलेदारांनी साल पिळली, पेला दोन्ही हातांनी पुढे केला आणि बाजूला सरून सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहत उभे राहिले. अण्णांनी घोट घेतला, मान डोलावली, संत्र्याची साल दोन बोटांनी काढून बशीत ठेवली आणि म्हणाले, ‘‘उत्तम झालंय. आता यात जरा सोडा घाला, आणि ती चकली इकडे सरकवा.’’

दिवाणखान्यात सगळे स्तब्ध झाले. मेहुणीने हसू आवरण्यासाठी तोंडाला पदर लावावा तर अंगावर पदरच नव्हता. मामलेदारांनी क्षणभर त्या ठोकळ्याकडे पाहिले, चष्मा नीट केला आणि टिपणवहीचे नवे पान उलटले.

‘‘कोणता सोडा, अण्णा? आपल्याकडे तीन प्रकारचे आहेत.’’