आप्पा हयात आहेत

आमच्या आप्पांना दोन जन्मतारखा होत्या. खरी फक्त पणजीला ठाऊक होती, तीही 'ज्वारी काढणीला आली होती तवा' इतपतच. दुसरी १ जून १९२९. ही १९४८ साली बेळगावला भरतीच्या रांगेत जन्माला आली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बाबूनं वय विचारलं, आणि आपण कमी पडू या भीतीनं आप्पांनी स्वतःला दोनेक वर्षांनी थोरलं करून टाकलं.

या थापेचं फळ साठ वर्षांनी मिळालं. सरकार ८० वर्षांपुढच्या पेन्शनरांना वाढीव पेन्शन देतं. ८० ला वीस टक्के, ८५ ला तीस, ९० ला चाळीस, ९५ ला पन्नास, आणि शंभरी गाठली तर मूळ पेन्शन थेट दुप्पट. आप्पांनी हा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून घेतला आणि देवघराशेजारी चिकटवला. त्या दिवसापासून त्यांचं जगणं खाजगी राहिलं नाही. थोरल्या नातवाची फी ८५ वर, धाकट्या काकांच्या फ्लॅटचा हप्ता ९० वर आणि पणतीचं लग्न शंभरीवर असं सगळं मांडून झालेलं. स्वतःसाठी काय, तर वर्षाला दोन बनियन. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसला टेकला की ते दुपारी ओसरीच्या बाहेर पाऊल टाकत नसत. "मला ऊन लागलं तर नुकसान तुमचं हाय," असं वर आम्हालाच सुनवायचे.

आप्पा माळकरी. त्यामुळे मिलिटरी कँटीनमधून साबण, चहापत्ती, प्रेशर कुकर यायचा. रमचा कोटा मात्र तसाच बुडायचा. आमच्या घरचे जावई आजही आप्पांचा विषय निघाला की हळवे होतात ते यामुळे.

१९७१ च्या डिसेंबरात ते जंगी पलटणीबरोबर, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनबरोबर, पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होते. ब्रिगेडियर क्लेर यांनी वेढ्यात सापडलेल्या बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमद यांना शरण येण्याबद्दल पत्र धाडलं. उत्तर आलं, आणि उत्तराबरोबर बंदुकीची एक गोळी. १० डिसेंबरच्या रात्री तुंबळ लढाई झाली आणि जमालपूर पडलं. पुस्तकात यावर पानंच्या पानं आहेत. आप्पा लढाई दीड वाक्यात उरकायचे आणि पुढचा अर्धा तास ब्रह्मपुत्रेकाठच्या थंडीत चहाला साखर नव्हती, यावर बोलायचे. उत्तर देण्याची ती पद्धत मात्र त्यांना मनापासून पटली होती. सोलापूरला नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, पण पाणीपट्टीची नोटीस कशी अगदी वेळेवर! "उत्तर लिही," आप्पा म्हणायचे, "अन् संगं नळाची तोटी घालून पाठव. तशीबी कोरडीच हाय."

आप्पांची खरी मोहीम दरवर्षीची: हयातीचा दाखला. मुदत नोव्हेंबरची, पण ऐंशीपुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो म्हटल्यावर आप्पा एक तारखेला दाढी करून हजर. अंगठ्याचं यंत्र आलं तेव्हा त्यांचे झिजलेले ठसे काही उमटेनात. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "आजोबा, मॅच होत नाही." "मी म्होरं हुबा हाय की वो! ह्याच्याहून जित्तं काय दाखवू?"

२०२१ साली चेहऱ्यावरून दाखल्याची सोय झाली. मी मोबाईल धरला. कॅमेरा म्हटल्याबरोबर आप्पांनी टाचा जुळवल्या, छाती काढली आणि नजर समोर. मोबाईल म्हणतो, डोळे मिचकावा. सावधानमधला जवान पापणी हलवेल होय? दोनदा, चारदा झालं. शेवटी मी ओरडलो, "आप्पा, विश्राम!" तेव्हा कुठे पापणी लवली आणि आप्पा पुढच्या वर्षापर्यंत हयात ठरले. आतून आजी म्हणाली, "सत्तर वर्षांत मला कधी डोळा मारला नाही ह्यांनी, अन् आता मोबाईलला माराल्यात!"

१४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. १९५३ साली त्या तारखेला जनरल करिअप्पा निवृत्त झाले म्हणून. आप्पांचा इतिहास वेगळा होता. "नावात अप्पा हाय, म्हंजे आपल्याकडलाच. गड्ड्याची जत्रा गाठायची म्हणूनच ती तारीख धरली त्यानं!" स्वतः आप्पा संक्रांतीच्या त्या गर्दीत, सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांपुढे कोटावर पदकं लावून उभे असत, आणि ओळखीचं कोणी भेटलं की पदकांच्या आधी वय सांगत.

कागदावर ९५ पूर्ण करून, पन्नास टक्क्यांची वाढ वर्षभर खाऊन आप्पा गेले. महिनाअखेर होती. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. "महिना भरून गेले," आजी म्हणाली, आणि मग रडली.

वाढीव टक्क्यांचा तोच तक्ता फॅमिली पेन्शनलाही लागू आहे. आजीच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९३६ आहे, कुणी घातली देव जाणे. पण पलटणीच्या जुन्या कागदात तिची तारीखच नव्हती आणि नाव माहेरचं. ते जुळवता जुळवता मी मेटाकुटीला आलो. तुमच्या घरात कुणी जुने पेन्शनर फौजी असतील, तर त्यांच्या कागदांवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, ते त्यांच्या हयातीतच बघून घ्या.