साडेतीन बाय दोनचा मालक

वर्धा जिल्ह्यात तालुके आठ, आणि कार्डभाऊ आठही तालुक्यांत भेटतात. आर्वीला ते बी-बियाण्यांच्या दुकानात बसलेले असतात, हिंगणघाटला बाजार समितीत कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत असतात, पुलगावला टपरीवर तर्री-पोहे खात असतात. ओळखायची खूण एकच. नमस्काराला तुमचे हात वर येण्याआधी त्यांचा हात शर्टाच्या खिशात गेलेला असतो.

"कार्ड ठेवा भाऊ, काम पडते."

काम कोणतं, ते कार्ड वाचून कळत नाही. वर मधोमध 'श्री गजानन प्रसन्न', डावीकडे तुकडोजी महाराज आणि उजवीकडे स्वतः कार्डभाऊ, वर्ध्याच्या मे महिन्यातही जॅकेट चढवलेले. खाली नाव, कंसात गाव ज्या नावानं हाक मारतं ते नाव, त्याखाली 'माजी' या शब्दानं सुरू होणारी तीन पदं. मग व्यवसाय: एनए प्लॉटची खरेदी-विक्री, विमा सल्लागार, ठिबक व तुषार सिंचन, सोलर पंप, लग्नाच्या वऱ्हाडासाठी ट्रॅव्हल्स, वधू-वर सूचक केंद्र, आणि एवढ्यावर समाधान न झालेल्यांसाठी 'इत्यादी'. तळाशी चार मोबाइल आणि 07152 नं सुरू होणारा एक लँडलाइन. तो फोन केव्हाच बंद झाला आहे. पण लँडलाइन दिसली की माणूस पक्का वाटतो, असं भाऊंचं मत आहे.

या कार्डाची खरी जन्मकथा ऐकायची तर प्रिंटिंगवाल्याकडे जावं. व्हिजिटिंग कार्डाचं आपल्याकडचं चालू माप साडेतीन इंच बाय दोन इंच. म्हणजे सगळी मिळून सात चौरस इंच जागा. कॉम्प्युटरवरचा पोरगा बिचारा शिकलेला असतो. कडेला मार्जिन सोडतो, नाव मोठं ठेवतो, बाकी मजकूर दोन ओळींत बसवतो. प्रूफ पाहताच भाऊ भडकतात.

"इतं जागा खाली काहून सोडली बे?"

"वाचायला सोपं जाते, काका."

"पैसे पुऱ्या कार्डाचे देऊन रायलो ना मी? मग कोरी जागा कायले घेऊ?"

गंमत अशी की हेच भाऊ प्लॉट दाखवताना गिऱ्हाइकाला मोकळ्या जागेचं महत्त्व तासभर सांगतात. मोठ्या ले-आऊटला मंजुरी हवी तर दहा टक्के जागा खुली सोडावी लागते, हा नियम त्यांना तोंडपाठ आहे. पण स्वतःच्या सात चौरस इंचांत त्यांनी रस्ता सोडला नाही, नाली सोडली नाही, बगिच्याचा तर प्रश्नच नाही. सगळीकडे बांधकाम. शेवटी अक्षरांचा आकार पाच पॉइंटवर येतो आणि कार्ड फक्त चाळिशीच्या आतल्या माणसाला वाचता येतं. भाऊंचं गिऱ्हाईक बहुतेक पन्नाशीपुढचं.

आता कार्डावर क्यूआर कोडही आला आहे. हा चौकोन 1994 साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीनं मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी काढला. त्याचा एक नियम आहे: चारी बाजूंनी थोडी कोरी पट्टी सोडायची, नाहीतर मोबाइलला कोड कुठून सुरू होतो ते कळत नाही. भाऊंनी तो सोलर पंपाच्या फोटोला खेटून बसवला. कोड उघडत नाही. यंत्रालाही वाचायला मोकळी जागा लागते, हे त्या पोरानं सांगून पाहिलं. भाऊ म्हणाले, "उघडत नाही त नाही, पण दिसते झकास."

वाटपाचं शास्त्र वेगळं. लग्नात ते आहेराच्या पाकिटात कार्ड घालतात. तेरवीच्या पंगतीत विम्यासाठी देतात. विषय निघालेलाच असतो, असं त्यांचं म्हणणं. एका कार्डावर इतके धंदे असल्यामुळे फोन आल्यावर पंचाईत होते. पलीकडून कारंज्याचा संत्रावाला म्हणतो, "साडेचार एकर आहे, भाऊ." भाऊ विचारतात, "बरं आहे. अन् मुलगा काय करते?" त्याला ठिबक हवं असतं.

पुढे त्या कार्डाचं काय होतं? पूर्वी निदान किराणावाला पाठकोऱ्या बाजूवर उधारी मांडायचा. सेवाग्रामला तर गांधीजी आलेल्या पत्रांच्या आणि लिफाफ्यांच्या कोऱ्या बाजूही लिहायला वापरत. भाऊंनी तीही सोय ठेवलेली नाही. मागच्या बाजूवर 2019 चं कॅलेंडर आहे आणि वरून चकचकीत लॅमिनेशन, त्यावर पेन घसरतं.

भाऊंवर हसणं सोपं आहे, पण धंद्यांबाबत त्यांचं कार्ड खोटं बोलत नाही. कपाशीवर बोंडअळी आली की ठिबकाची उधारी अडकते. उधारी अडकली की विम्याचे हप्ते गोळा करावे लागतात. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला तेव्हा प्लॉटचा धंदा उघडला; लग्नसराईत गाडी धावली तर घर चालतं. एका धंद्यावर पोट भरत नाही, म्हणून सहा. त्यांची चूक धंदे सहा करण्यात नाही, ते सहाही एकाच माणसाच्या हातात एकाच वेळी कोंबण्यात आहे. ज्याला पंप हवा त्याला पंपाचं कार्ड द्यावं, ज्याला सून हवी त्याला सुनेचं. ऑफसेटवर पूर्वी हजाराचा गठ्ठा घेतला तरच परवडायचं. आता डिजिटल छपाईत शंभर-शंभर कार्डं वेगवेगळी निघतात.

याच जिल्ह्यात उलटी उदाहरणंही आहेत. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या शेतकऱ्याला कार्डावर 'वायगावची हळद', आपलं नाव आणि एक चालू नंबर एवढंच पुरतं. वर्ध्याचा गोरसपाक घ्या. पाहुणा परतीच्या गाडीत बसण्याआधी त्याचा डबा घेतो, आणि तो देणाऱ्याच्या कार्डाची चौकशी करत नाही. एकच गोष्ट नीट लक्षात राहिली, की माणूस आपण होऊन शोधत येतो.

तेव्हा वाचकहो, तुमचं कार्ड छापायला टाकाल तेव्हा प्रूफ आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला चष्म्याशिवाय वाचायला द्या. त्यांना तुमचं नाव, काम आणि नंबर वाचता आला तर कार्ड पास. नाही आला तर ओळी कमी करा, आणि पहिली कात्री 'माजी'वर चालवा. गिऱ्हाईक फोन करतं ते तुम्ही आज काय करता यासाठी.