बारीक झालेल्यांसाठी शिवणकामाचे प्राथमिक धडे

अभिनंदन! दिवसातून दोनदाच आणि तेही 55 मिनिटांच्या आत जेवायचं, हे डॉ. दीक्षितांचं पथ्य तुम्ही तडीस नेलंत. आता पँट बेल्टच्या भरवशावर आहे आणि ऑफिसात लोक हळूच विचारतात, "तब्येत बरी आहे ना? शुगर तपासलीत?" तेव्हा कपडे मापात आणणं आलं.

पहिला धडा: शिंप्याकडे जाऊ नका. निदान लगेच नको. वजन महिना-दोन महिने एका जागी ठरू द्या. गणपतीच्या तोंडावर मापं देणं म्हणजे मजुरी पाण्यात. (मोदकांवरचा खर्च कधीच पाण्यात जात नाही.)

मग शर्ट घालून आरशासमोर उभे राहा. खांद्याची शिवण दंडावर उतरली असेल, तर तो शर्ट सरळ मेव्हण्याला द्या. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही उसवा, मुंढा नव्याने कापा, बाही पुन्हा बसवा. इतकी उस्तवार रोजच्या शर्टाला परवडत नाही. नुसता पोटावर फुगत असेल तर बाजूच्या शिवणी आत घेतल्या, पाठीत दोन डार्ट मारले, की झालं.

पँटचं प्रकरण नाजूक. कंबर मागच्या मधल्या शिवणीतून घेतात. दीड-दोन इंच बिनबोभाट जातात. त्यापुढे हट्ट धरलात तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात आणि बाजूची शिवण मागे सरकते. शिवाय आसन आणि मांडी ढगळच ठेवून नुसती कंबर आवळली, तर मागून धोतर नेसल्याचा भास होतो. मोहरी सगळ्यात शेवटी.

साडीवाल्या सुखी. ब्लाउजला शिंप्याने आधीच माया सोडलेली असते. बाजूला आतून आणखी एक टीप मारली की भागतं.

मापं देताना पोट आत ओढू नका. शिंप्यांनी अशी पुष्कळ पोटं पाहिली आहेत. "कधी मिळेल?" विचारलंत की "परवा" म्हणतील. कुठल्या परवा, ते विचारायचं नसतं.

मात्र एक बजावून सांगा: जादा कापड कापू नका, नुसती टीप मारा. जाणता शिंपी न सांगताही कापत नाही. कारण विचारलंत तर म्हणेल, "असू द्या साहेब, पुढे दिवाळी आहे." वाद घालू नका. पैसे द्या आणि पिशवी घेऊन घरी या.