गुडघा ठाण्याला पोचला

आमच्या गटातल्या बायकांना नावं आहेत, पण ती आधार कार्डापुरती. सकाळच्या डोंबिवली फास्टला लेडीज डब्यात लोंबकळत ओळखी झाल्या, तेव्हा कोण कुठे उतरते आणि कुठल्या ऑफिसात जाते एवढंच कळायचं आणि तेवढं पुरायचं. त्यामुळे दादरला उतरून परळला ड्यूटीवर जाणारी नर्स ती केईएम. मग ऑडिट, एलआयसी, बेस्ट, मंत्रालय. मी व्हीटीला जीपीओत होते, म्हणून मी पोस्ट. सगळ्या निवृत्त झाल्या, व्हीटीचं सीएसएमटी झालं, पण आमची नावं बदलली नाहीत. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरात जेव्हा "एलआयसी, पोस्टाला पाणी दे गं" असं सुरू झालं, तेव्हा आमच्या पोळ्यांच्या मावशी पातेलं हातात धरून बघत राहिल्या.

गुडघा झिजण्याची कारणं डॉक्टरांनी वय, वजन आणि घराण्यातली देणगी अशी सांगितली. गटाने ती एकमताने फेटाळली. गटाच्या मते कारण एकच, डोंबिवली स्टेशनचा पूल. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून दाखवलं, की मांडीच्या हाडाची आणि नडगीची टोकं एकमेकांवर टेकली आहेत, मधली कूर्चा संपली आहे. "इथे खरं तर फट दिसायला हवी." ऑडिट चष्मा सावरत पुढे वाकली. "कधीपासून नाहीये?" तिने मला असं विचारलं, की जणू ती फट मी परस्पर खर्च केली होती.

गुडघा बदलता येतो ही बातमीसुद्धा आम्हाला गाडीतच लागली होती. ऑक्टोबर २००० मध्ये वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ब्रीच कँडीला बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. ऑपरेशनला न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. १९७० च्या दशकात डॉ. जॉन इन्सॉल यांच्याबरोबर आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पूर्वज घडवणाऱ्यांतले ते एक. हे सगळं केईएमने आम्हाला गवार मोडता मोडता सांगितलं होतं. तेव्हा आम्ही चाळिशीत होतो, गुडघे हा पंतप्रधानांचा प्रश्न होता आणि आमचा प्रश्न चौथी सीट मिळेल का हा होता.

आता तो गुडघा माझ्यात आहे. वर कोबाल्ट-क्रोमियमचा चकचकीत भाग, खाली धातूची बैठक, मध्ये प्लॅस्टिकची चकती, आणि हाडाला हे सगळं चिकटवायला सिमेंट. बिल्डर सिमेंटला पाणी मारायला सांगतो, डॉक्टर पाणी लावायचं नाही म्हणतात, एवढा फरक सोडला तर ऐकायला दोन्हीकडे तेच. कमरेखाली भूल होती, त्यामुळे ठोकाठोकी कानावर येत होती. शेजारच्या फ्लॅटचं काम चालू आहे अशी मी मनाची समजूत घातली आणि ती चांगली बसली. सवयच आहे.

बिल ऑडिटने तपासलं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्यांच्या किमतीला चाप लावला, हे तिला पाठ होतं. आधी दीड लाखाच्या वर जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा गुडघा ५४,७२० रुपयांवर आणला, वर जीएसटी. "गुडघा ठीक आहे," ती म्हणाली, "पण हे 'इतर साहित्य' म्हणजे काय?" काउंटरवरच्या मुलाने ते काय काय असतं हे सांगायला सुरुवात केली. ऑडिटने खुर्ची ओढून घेतली. मला व्हीलचेअरवर बसवून खाली आणलेलं होतं. दुखायचं इंजेक्शन उतरत आलं, तरी ती चर्चा हातमोज्यांपर्यंतच पोचली होती.

मुलगा बंगळुरूहून आला होता. त्याने फोनवरूनच चोवीस तासांची मदतनीस ठरवून तिचे आगाऊ पैसेही भरले. गटाने शांतपणे ऐकून घेतलं. मग केईएम म्हणाली, "बाहेरची बाई कशाला? आम्ही काय मेलोय?" या प्रश्नाला मराठीत उत्तर नाही. मुलाने पैसे परत मागवले आणि आठवड्याने आईला गटाच्या स्वाधीन करून तो विमानात बसला.

ह्यांची व्यवस्था त्याहून लवकर लागली. पहिल्या दुपारी हे पेपर घेऊन माझ्या खोलीत आले, तर सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. ती नजर मी ओळखते. घाईत लेडीजमध्ये चढलेल्या पुरुषाला ती मिळते. हे काही न बोलता गॅलरीत गेले. त्यानंतर माझी तब्येत त्यांना रिकामे कप न्यायला आल्यावर दारातूनच कळायची.

माझ्या पलंगाचा डबा व्हायला वेळ लागला नाही. "सरक जरा" म्हणून एलआयसी पायथ्याशी टेकायची, मग मंत्रालय, मग "पोस्ट, पाय थोडा घे ना" म्हणून ऑडिट. पाय घेता आला असता तर एवढा खटाटोप कशाला केला असता? पण चौथ्या सीटला नाही म्हणायचं नसतं. चादरीवर पेपर पसरून मेथी निवडायला घ्यायच्या. कोणाची सून, कोणाचा सोसायटीतला वाद, कोणाचा मोतीबिंदू, सगळं माझ्या अंगावरून इकडून तिकडे जायचं. केईएम या गोंगाटातही कामावर असायची. कोणाशीही काहीही बोलत असली तरी मध्येच नुसतं "पंजे!" म्हणायची, की मी पावलं वरखाली करायला लागायची. पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे करायचं असतं, त्यासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्याही चालू होत्या. समोरच्या वहिनी भेटायला आल्या होत्या त्या दिवशी "पंजे!" ऐकून त्यांनीही मुकाट्याने हलवले.

खरा संघर्ष उशीवरून झाला. येणाऱ्या प्रत्येक माणसाला माझा पाय बघून कळवळा यायचा, आणि कळवळा आला की माणूस गुडघ्याखाली उशी सरकवतो. बरंही वाटतं. पण तसंच ठेवलं तर गुडघा अर्धवट वाकलेल्या अवस्थेतच आखडतो, मग पुरता सरळ होत नाही. उशी ठेवायची तर टाचेखाली, म्हणजे गुडघा अधांतरी राहून आपल्याच वजनाने सरळ होतो आणि आपण छताकडे बघत देवाचं नाव घेतो. नणंदबाईंनी प्रेमाने उशी सरकवायची, त्यांची पाठ वळली की बेस्टने खसकन ओढायची. बेस्टचे दोन्ही गुडघे झालेले आहेत. एका गुडघ्याच्या पेशंटला ती उमेदवारीवरचा समजते. विमानतळावर तिचं यंत्र दोनदा वाजतं असं ती सांगते. ते कसं शक्य आहे हे विचारायची कोणाची हिंमत नाही.

व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी यायची. पहिल्याच दिवशी तिने मला "आजी" म्हटलं, तेव्हा पलंगावर जी शांतता पसरली तिच्यामुळे दुसऱ्या दिवसापासून तिने सगळ्यांना ताई केलं. "ताई, दहापैकी किती दुखतंय?" असं ती विचारायची. मी तोंड उघडायच्या आत एलआयसी सांगायची, "चार." मी नऊ म्हणायला गेले, तर केईएम म्हणाली, "नऊवाली बोलत नाही, ओरडते. लिही पाच."

पडल्या पडल्या टाच गादीवरून आपल्याकडे ओढायची, हा मुख्य व्यायाम. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली की पाय सरकतो. साडीच्या दुकानाची चांगली जाड पिशवी घ्यावी, भाजीची पातळ पिशवी गोळा होते. मग ती मुलगी लांब हातांचा कोनमापक गुडघ्याला लावून अंश सांगायची. "पासष्ट." हा आकडा चांगला की वाईट हे कोणालाच कळेना. तेव्हा मंत्रालयने तो आम्हाला समजेल अशा भाषेत आणला. सरळ पाय म्हणजे डोंबिवली. नव्वद अंश म्हणजे ठाणे. एकशे दहाला घाटकोपर, एकशे वीसला दादर. व्हीटी म्हणजे जमिनीवर मांडी घालून बसणं, आणि तिथवर गाडी जाणार नाही असं डॉक्टरांनी ऑपरेशनआधीच सांगून ठेवलं होतं. पूजेला चौरंगासमोर आता खुर्ची.

ऐंशीच्या पुढे मात्र माझी गाडी अडकली. तिथे गुडघ्याच्या आत कोणीतरी दोर बांधून ठेवल्यासारखं ओढतं आणि कपाळाला घाम येतो. "बोगदा आला," एलआयसी म्हणाली. आमच्या काळी फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. आत शिरली की बोलणं ऐकू यायचं नाही, अंधारात आपापली पर्स घट्ट धरायची आणि कळव्याची बाजू दिसायची वाट बघायची. इथे मी चादर घट्ट धरायची. या पाचजणी मेथी निवडत मोजायच्या, एक, दोन, तीन, आणि बेस्ट हटकून सातनंतर पुन्हा पाच म्हणायची. मला वाटायचं तिचं लक्ष नाही. तिचं पूर्ण लक्ष होतं.

शिव्या मी याच काळात शिकले, आणि त्याही निवृत्त सरकारी नोकरांकडून. वेदनेत मी बेस्टला जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती म्हणाली, "चालेल, बोल. मी कंडक्टर नव्हते, पण पगार त्याच खात्यातून घेतलाय." आणि तिने माझी टाच आणखी बोटभर आत ढकलली.

त्या दुपारी मुलीने कोनमापक लावला आणि म्हणाली, "ब्याण्णव." ऑडिटने स्वतः वाकून आकडा पडताळला. मग एकदम "ठाणेऽऽ" असा गलका झाला, तो ऐकून हे गॅलरीतून धावत आले आणि मी पडले असं समजून त्यांनी वॉकरच पुढे केला. नव्वदच्या पुढे गेल्याशिवाय खुर्चीतून नीट उठता येत नाही, त्यामुळे ठाणं हे किती मोठं जंक्शन आहे ते मला त्या दिवशी कळलं. मी वॉकर धरून उठले, हॉलपर्यंत गेले, आणि सोफ्यावर ह्यांची जागा घेतली.

भेटायला येणाऱ्यांचा एक स्वतंत्र त्रास होता. माणूस आत येतो, चप्पल काढतो, पट्टी बघतो आणि डोळे मिचकावून म्हणतो, "काय, अक्कल बदलून घेतली म्हणे?" असं म्हणून तो स्वतः हसतो, कारण ते आत्ता, जिना चढताना, त्यालाच सुचलेलं असतं. माझे दीर, सोसायटीचे सेक्रेटरी, दूधवाला आणि एका लग्नात कधीतरी भेटलेले गृहस्थ, सगळ्यांना ते सुचलं. अखेर मंत्रालयने दारावर कागद लावला : 'भेटण्याची वेळ ४ ते ६. गुडघा व अक्कल यासंबंधीचे विनोद कृपया टाळावेत. हुकुमावरून.' त्यानंतर येणारे तो कागद मोठ्याने वाचायचे आणि मग गुडघ्याला बाशिंग बांधण्यावर यायचे.

खाण्याचं तर विचारू नका. वजन उतरवा असं डॉक्टर सांगत होते आणि हाडं भरून येण्यासाठी घरात डिंकाचे लाडू येत होते. हाडं भरायची नव्हती, ती कापून टाकली होती, हे मी समजावून पाहिलं. नणंदबाईंनी महानारायण तेल आणलं. कोबाल्ट-क्रोमियमला तेल लावून काय होणार, हे त्यांना सांगायचं काम मी केईएमवर सोपवलं. तिने बाटली ठेवून घेतली आणि संध्याकाळी स्वतःच्या गुडघ्याला लावली.

रात्रींबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. दिवसा जो गुडघा मेथीच्या गप्पांत रमतो, तोच रात्री दोनला जागा होतो. बर्फाची पिशवी वितळलेली, कुशीवर वळायची सोय नाही, पलीकडे हे घोरतायत. अशाच एका रात्री मी मोबाइल बघत होते, तर केईएमच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसलं. जन्मभर नाइट ड्यूटी केलेल्या बाईला दोनला झोप येत नाही. फोन केला. "बोल," ती म्हणाली, काय झालं वगैरे नाही. मी म्हटलं, दुखतंय. "दुखणारच. वॉर्डातही दोन वाजले की एकेक बेल वाजायची. कोणाला पाणी हवं असतं, कोणाला नुसतं कोणीतरी यायला हवं असतं." मग तिने विचारलं, "टाचेखाली उशी आहे ना?" मी होय म्हटलं. ती गुडघ्याखाली होती. "काढ," ती म्हणाली.

आता मी जिनाही चढते. चढताना धडधाकट पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. केईएमच्या भाषेत, वर जाताना पुण्यवान पुढे, खाली जाताना पापी पुढे. दादर अजून यायचंय, पण घाटकोपर मागे पडलंय. जखमेच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या तळव्याएवढी जागा बधिर आहे आणि चालताना कधी आतून टक असा आवाज होतो. बेस्ट म्हणते तिचा टक-टक होतो.

गेल्या बुधवारी सगळ्या जमल्या होत्या. लिफ्ट बंद होती. मी आधीच वर पोचले होते, आणि दारात उभी राहून जिन्याकडे बघत होते. एलआयसी सगळ्यांच्या मागे होती. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची. वर आल्यावर ती म्हणाली, "काय ऊन आहे गं."

कोणी काही बोललं नाही. चहा झाला, मेथी निघाली. मग केईएमने विचारलं, "कुठला? डावा की उजवा?"

"मला काही झालेलं नाहीये," एलआयसी म्हणाली. "माझी चप्पल चावतेय."

"चप्पल दोन्ही पायांत आहे," ऑडिट म्हणाली, आणि तिने माझ्या गोळ्यांच्या वहीतलं कोरं पान उघडलं.

"दिवाळी झाल्याशिवाय मी काही ऐकणार नाही!"

"म्हणजे नोव्हेंबर," मंत्रालय म्हणाली. "लिही."