धुरेवर किती?

नवा घोडा यार्डात आला की सगळे त्याच्याभोवती फेऱ्या मारतात. एक जण ॲव्हरेज विचारतो, दुसरा हप्ता विचारतो, तिसरा न विचारताच केबिनमध्ये चढून एसी लावून बसतो. अण्णा मात्र चहाचा ग्लास घेऊन गाडीच्या मागं जातात. घोड्याच्या पाठीवरच्या त्या काळ्या, ग्रीसनं माखलेल्या तव्याकडं बराच वेळ बघतात आणि मालकाला विचारतात, "धुरेवर किती घेतो?"

मालक पंचविशीतला. वडिलांची दीड एकर रिंगरोडच्या चर्चेत आली, भाव फुटला आणि घरात घोडा आला. धुरा म्हणजे जबाबदारी, एवढं त्याला शाळेत शिकवलेलं. तो म्हणतो, "पंचावन्न टन पासिंग आहे, अण्णा."

"ते सगळ्या वरातीचं झालं. मी नवरदेवाच्या पाठीचं विचारतोय."

घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं डोकं. पिंपरी-चिंचवडात त्याला कोणी हॉर्स म्हणतं, कोणी पुलर. त्याच्या पाठीवरच्या तव्याला फिफ्थ व्हील म्हणतात. ट्रेलरच्या पोटाखालची किंगपिन त्यात अडकते आणि ट्रेलरचं पुढचं ओझं घोड्याच्या पाठीवर बसतं. किती बसतं, हाच अण्णांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीपासून मोशी, कुरुळी, चाकण, महाळुंग्यापर्यंत प्रत्येक मोठ्या यार्डात असा एक अण्णा असतोच. कुठं त्याला तात्या म्हणतात, कुठं काका, पण माल तोच. अंगात इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट, खिशात पोलादी टेप, हातात टायर वाजवून बघायची टॉमी. ओळख विचारली तर उत्तर एकच, "टेल्कोत होतो." कंपनीचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली आहे. पण त्यांनी ती अजून मंजूर केलेली नाही.

कंपनीतून बाहेर पडल्यावर प्राधिकरणातल्या बाकावर बसून गुडघ्यांविषयी बोलायचं सोडून ते एका ट्रान्सपोर्टरकडं सुपरवायझर झाले. पगार जेमतेम. अधिकार मात्र अमर्याद, कारण तो कोणी दिलेलाच नाही.

अण्णांची विद्या कंपनीतली असेल, असा सगळ्यांचा समज. निम्मीच खरी गोष्ट आहे ती. उरलेली निम्मी खेड तालुक्यातल्या बैलगाडीवर शिकलेली. लहानपणी वडील बाजाराला कांदा न्यायचे, तेव्हा पोती रचण्याचं काम अण्णांकडं. पोती मागं जास्त गेली की गाडी उलाळ व्हायची. जू वर उचललं जायचं, बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसायचा. पुढं जास्त गेली की गाडी धुरजड, सगळा भार बैलांच्या मानेवर. दोन्ही वेळेला वडिलांची थप्पड मात्र एकाच जागी बसायची. जगातले इंजिनिअर ज्याला किंगपिन लोड म्हणतात, त्याचे दोन्ही रोग मराठीत दोन शब्दांत कधीचे नोंदवून ठेवलेले आहेत. अण्णा तेच शब्द ट्रेलरला लावतात. नव्या पोरांना ते जुनाट वाटतं.

पोरांना बैलगाडा कळतो तो शर्यतीपुरता. 2014 साली बंद पडलेल्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं 16 डिसेंबर 2021 रोजी परवानगी दिली, तेव्हा चाकणच्या बाजूला एवढा गुलाल उधळला गेला की अण्णांना वाटलं, ग्रामपंचायतीचा निकाल लागला. 18 मे 2023 रोजी घटनापीठानं शेवटचा शिक्का मारला, तेव्हा पुन्हा तेच. आपल्याकडच्या घाटात चार बैल, पुढची जोडी जुकाटाला, मागची धुरेला, आणि सगळ्यांच्या पुढं घोडी. अण्णांचं म्हणणं असं की हल्लीचे मालक गाडी घेताना फक्त घोडी बघतात. पळते कशी, दिसते कशी. धुरेचे बैल कोणी बघतच नाही.

आता ह्या सगळ्याला आकडे आहेत, आणि अण्णा आकड्यांत कच्चे नाहीत. समजा, वीस टनांची पोलादाची एकच कॉइल चाकणला प्रेसशॉपला न्यायची आहे. किंगपिनपासून ट्रेलरच्या मागच्या तिन्ही ॲक्सलच्या मध्यापर्यंत आठ मीटर. कॉइल बरोबर मधे ठेवली तर दहा टन घोड्याच्या पाठीवर, दहा मागच्या चाकांवर. तीच पिनपासून दोन मीटरवर ठेवली तर घोड्यावर पंधरा टन. चार बाय दोन घोड्याच्या पुढच्या ॲक्सलला सात टन आणि मागच्याला साडेअकरा टन चालतात, म्हणजे एकूण साडेअठरा. त्यातले सहा-सात टन तर तो स्वतःच खातो. उरले साडेअकरा, फार तर साडेबारा. त्यावर पंधरा, आणि ट्रेलरच्या सांगाड्याचा वाटा वेगळा.

गंमत पुढं आहे. ही गाडी वजनकाट्यावर नेली तर एकूण भरेल पस्तीस टनांच्या आसपास. अशा जोडीला परवानगी 45.5 टनांची. काटेवाला पावती फाडून हसत देतो, ड्रायव्हर पावती काचेला लावतो, आणि घोडा मनातल्या मनात रामनाम घेतो. आणि कॉइल उलटीकडं, मागच्या चाकांपासून दोन मीटरवर ठेवली तर? घोड्यावर फक्त पाच टन. ओढणारी चाकं हलकी, पावसाळ्यात बोरघाटात जागेवरच गरगरणार, आणि उतारावर ब्रेक दाबला की मागचा ट्रेलर पुढच्याला ढकलून गाडी चाकूसारखी मिटवणार. "उलाळ," अण्णा म्हणतात आणि टेप गुंडाळतात.

अण्णांचा जन्माचा वैरी म्हणजे बुकिंगवाला. त्याच्याकडं दोन फोन आणि एकच शब्द असतो, "बसतंय." कसलंही मशीन असो, कितीही टनांची डाय असो, न बघता, फोनवर, तोंडात वडापाव असताना तो सांगतो, "बसतंय." अण्णा म्हणतात, बसतंय खरं, पण उठतंय का ते बघ. ह्या दोघांच्या भांडणावर यार्डातला चहावाला घर चालवतो. त्यांचं भांडण मिटेपर्यंत गाडी सुटत नाही आणि गाडी सुटेपर्यंत हमाल, क्लीनर, ड्रायव्हर सगळे कटिंगवर असतात.

जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारनं ॲक्सलमागची वजनं वाढवली. घोडा आणि ट्रेलर मिळून वरची मर्यादा 49 टनांवरून 55 टनांवर गेली. बुकिंगवाल्यानं पेढे वाटले. अण्णांनी पेढा घेतला, खाल्ला, हात पुसले आणि म्हणाले, "कागद सहा टनांनी वाढला. लोखंड कालच्याएवढंच आहे." पुढं 2019 मध्ये कायदा बदलला आणि जादा वजनाचा दंड थेट 20,000 रुपये झाला, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा खर्च. काट्यावर यायलाच नकार दिला तर 40,000. हा तक्ता अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ऑफिसात गणपतीच्या तसबिरीखाली चिकटवलाय. बुकिंगवाला रोज सकाळी गणपतीला उदबत्ती लावतो, पण डोळे मिटून.

गाडीच्या दारावरचा नंबर अण्णा पत्रिकेसारखा वाचतात. 5530 म्हटलं की पहिले दोन आकडे टनांचे, पंचावन्न. पुढचे दोन ताकदीचे, तीनशे हॉर्सपॉवर. पोरगा खूश होतो, नावातच सगळं आहे म्हणून. अण्णा विचारतात, "पिन कितीची?" इथं पोरगा गारठतो. किंगपिन दोन मापांची असते, दोन इंची आणि साडेतीन इंची. साडेतीनच्या जबड्यात दोनची पिन सहज जाते. तशीच सहज बाहेरही येते. भाड्यानं आणलेला ट्रेलर आपल्या घोड्याला लावण्यापूर्वी अण्णा टेप लावतात, तव्यावर ग्रीस आहे का बोटानं बघतात, आणि जोडणी झाल्यावर 'खट्' असा आवाज आला तरी विश्वास ठेवत नाहीत. टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाकतात, जबडा पिनभोवती मिटलाय का ते डोळ्यांनी बघतात. मग ट्रेलरचे ब्रेक लावून घोड्याला पहिल्या गिअरमध्ये पुढं हिसका द्यायला सांगतात. ड्रायव्हर बीडकडचा, पंधरा वर्षं स्टिअरिंगवर. त्याला हा अपमान वाटतो. तो हिसका जरा जास्तच जोरात देतो. अण्णा खूश होतात. त्यांना तेवढाच हवा असतो.

एका विषयावर मात्र अण्णांच्या तोंडून विनोद निघत नाही. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकनं 48 गाड्या ठोकरल्या. डिझेल वाचवायला उतारावर इंजिनाचा आधार सोडून दिला होता, असं प्राथमिक तपासात पुढं आलं. तेव्हापासून कात्रजकडून येणाऱ्या ड्रायव्हरला अण्णा नुसतं विचारतात, "गिअरमध्येच उतरलास ना?" आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या डोळ्यांत बघत राहतात.

अण्णांची कीर्ती आता सातासमुद्रापार गेली आहे, म्हणजे टेक्सासला. बहिणीचा मुलगा तिथं सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं मोठा पिकअप घेतला आणि त्यामागं लावायला चाकांवरचं घर, तेही फिफ्थ व्हीलवालं. त्यात बेडरूम, ओटा, फ्रिज, शॉवर. फोन आला, "मामा, जाहिरातीत लिहिलंय, आठ टन ओढतो. माझा ट्रेलर तर सगळं भरून सहा टन तीनशे किलो."

मामांनी विचारलं, "धुरेवर किती?"

अशा घरांचं पाचवा ते चौथा हिस्सा वजन पिकअपच्या पाठीवर येतं. सहा टन तीनशेचे धरा चौदाशे किलो. तिकडं ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून गाडीत किती किलो चालेल ते सांगणारा. मामांनी भाच्याला रात्री दार उघडून तो वाचायला लावला. साडेअकराशे. त्यात भाचा, त्याची बायको, दोन मुलं, जोडणीचं लोखंड, आणि सासूबाई पुढच्या महिन्यात येणार होत्या. फोनवर थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग भाचा म्हणाला, "पण मामा, दुकानातला माणूस म्हणाला होता, चालतंय." मामा म्हणाले, "तिकडंही बुकिंगवाले आहेत तर."

ह्या धंद्याची सुरुवातही अशाच एका हौशी गिऱ्हाईकापासून झाली. 1914 साली डेट्रॉइटचा एक लाकूडव्यापारी ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराकडं गेला. त्याला आपली बोट फोर्डच्या मॉडेल टी मोटारीमागं लावून न्यायची होती. फ्रुहॉफनं बोटीसाठी गाडा केला, तो मोटारीच्या मागच्या अंगाला जोडला आणि त्याला सेमी-ट्रेलर हे नाव दिलं. 'पाचवं चाक' हा शब्द तर त्याहून जुना, घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर आडवं बसवलेलं गोल चाक. अण्णांना हे कोणी सांगितलं, तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, "मग! लोहारानंच केलं असणार. इंजिनिअर असता तर मीटिंग घेतली असती."

संध्याकाळी सहाला अण्णा टॉमी कपाटात ठेवतात आणि जुन्या बजाज स्कूटरवर घरी निघतात. परवा काकूंना दवाखान्यातून घ्यायचं होतं, वाटेत गिरणीवरून दळणही. पाय ठेवायच्या जागेत दुरुस्तीला दिलेला मिक्सर होता, म्हणून दळणाचा पंचवीस किलोचा डबा मागच्या कॅरिअरला बांधला, त्यापुढं काकू बसल्या. भक्ती-शक्ती चौकातल्या उड्डाणपुलाच्या चढाला स्कूटरचं हँडल हातात आहे की नाही, तेच अण्णांना कळेना. गाडी डावीउजवीकडं मान हलवायला लागली. काकू मावळच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या.

"अहो," त्या मागून शांतपणे म्हणाल्या, "उलाळ झालीय."

अण्णांनी स्कूटर कडेला घेतली. डबा सोडून पुढं पायापाशी ठेवला, मिक्सर काकूंच्या मांडीवर दिला आणि किक मारली. घरी पोचेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. काकूंनी मात्र दारात उतरताना विचारलंच, "मिक्सरचं वजन धरलं होतं का?"